सुशिक्षित, म्हणून निराधार

परदेशात शिक्षकाची नोकरी मिळवून देण्याच्या जाहिराती आता मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांपुरत्या राहिलेल्या नाहीत. शिरूर आणि दौंड यांसारख्या तालुक्याच्या गावांतील शिक्षकांच्या खिशातल्या मोबाइलपर्यंत त्या येऊन पोहोचल्या आहेत. दुबई, दोहा, माले किंवा लंडन यांपैकी एखादे नाव, डोळे दिपविणारा पगाराचा आकडा आणि ‘व्हिसासह सर्व कागदपत्रांची जबाबदारी आमची’ हे आश्वासन, असे या जाहिरातींचे ठरलेले स्वरूप असते. त्यातील शेवटचे आश्वासनच खरे महत्त्वाचे. पगाराचा आकडा पाहून माणूस मोहात पडतो. परंतु गाठीचे पैसे काढून देतो तो कागदपत्रांच्या धास्तीने. ही धास्ती अनाठायी नाही. ती दूर करण्याची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांनी मात्र ती पुरेशी पार पाडलेली नाही.

बाहेर जाऊ पाहणाऱ्या शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. येथे शिकला आणि तेथे शिकवायला गेला, असे म्हणून नाक मुरडणारे थोडे नाहीत. पण त्याची येथील स्थिती काय आहे, हेही पाहावयास हवे. शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढविल्यानंतर ते प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये झाले. हे मानधन मिळते ते भाग्यवानांना. विनाअनुदानित संस्थेत काम करणाऱ्याची मिळकत संस्थाचालकाच्या मर्जीवर, आणि महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्याची मिळकत घड्याळाच्या काट्यावर अवलंबून असते. शिरूरजवळ रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. दौंडला रेल्वे आहे, आसपास साखर कारखाने आहेत. परंतु कारखान्याला फिटर हवा असतो, वेल्डर हवा असतो. इंग्रजी किंवा गणित घेऊन बी.एड. झालेल्या माणसाला तेथे जागा नसते. अशा माणसाने परदेशाकडे पाहिले तर तो देशद्रोह नव्हे, सरळ हिशेब आहे.

हा हिशेब नवाही नाही. सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षक शिकवीत आले. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा हाती आल्यावर नायजेरियाने आपल्या शाळांसाठी भारतीय शिक्षक नेले. पुढे आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या, मालदीवमध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांना शिक्षक कमी पडले. ब्रिटनने तर १ फेब्रुवारी २०२३ पासून ज्या नऊ देश-प्रदेशांतील विशिष्ट विषयांच्या शिक्षकांना आपल्याकडील अधिकृत शिक्षकाचा दर्जा मिळविण्याची नवी वाट खुली केली, त्यांत भारताचा समावेश आहे. म्हणजे मागणी खरी आहे, नोकऱ्याही खऱ्या आहेत. म्हणूनच त्यांच्या आडून चालणारी लबाडी ओळखणे कठीण होते. मुळात नोकऱ्याच नसत्या, तर खोट्या जाहिरातींवर कोणी विश्वास ठेवला नसता.

कागदांची साखळी

परदेशी शाळेने होकार दिला म्हणजे काम झाले, अशी समजूत असते. वस्तुतः तेथे कामाला सुरुवात होते. प्रथम पासपोर्ट. त्यानंतर पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांची विद्यापीठाकडून पडताळणी. त्यावर राज्य शासनाच्या नियुक्त अधिकाऱ्याचे साक्षांकन. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारत २००५ पासून हेग येथील अपॉस्टिल करारात सहभागी असल्यामुळे त्या कराराच्या सदस्य देशांसाठी मंत्रालयाचा हा अपॉस्टिल शिक्का पुरतो. ब्रिटन सदस्य आहे. सौदी अरेबियाही डिसेंबर २०२२ पासून या व्यवस्थेत आला. संयुक्त अरब अमिराती आणि कुवेत मात्र सदस्य नाहीत. तेथे जाणाऱ्याला मंत्रालयानंतर त्या त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन वेगळे घ्यावे लागते. याशिवाय पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी, अनुभवाचे दाखले आणि काही ठिकाणी गुणपत्रकांच्या प्रती विद्यापीठाकडूनच परस्पर पाठविल्या जाण्याची अट असते ती वेगळीच.

यात सर्वांत अधिक अडवणूक होते ती नावामुळे. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव अशी मांडणी बहुधा असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. परदेशी कारकुनाला वडिलांचे नाव मध्ये का आले, याचा उलगडा होत नाही. विवाहित शिक्षिकांची अडचण याहून मोठी. दहावीपासून बी.एड.पर्यंतची सारी प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने, असा प्रकार घरोघरी आढळतो. मग विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी असे एकेक कागद जमवावे लागतात. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असला, तर त्याचे अधिकृत भाषांतर हवे. इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकामुळे महिनाभराचे काम पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

यातील एकही गोष्ट अवाजवी आहे, असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या देशातील मुले ज्याच्या हाती सोपवायची, त्याची पदवी खरी आहे काय आणि त्याच्यावर गुन्हा दाखल नाही ना, हे पाहण्याचा अधिकार त्या देशाला आहेच. प्रश्न कागद मागण्याचा नाही. ते मिळविण्यासाठी लागणारा वेळ, पैसा आणि माहिती कोणाजवळ आहे, हा खरा प्रश्न आहे.

अंतराची किंमत

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ गणेशखिंडीत आहे. शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे आहेत. दौंडला निदान रेल्वे आहे. शिरूरकराला नगर रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत यावे लागते. राज्य पातळीवरील कामासाठी मुंबई, मंत्रालयाच्या शिक्क्यासाठी नेमून दिलेल्या खासगी संस्था, वकिलातीसाठी पुन्हा मुंबई किंवा दिल्ली. परराष्ट्र मंत्रालयाने २०१२ पासून नागरिकांची कागदपत्रे थेट स्वीकारणे बंद करून ते काम बाहेरच्या संस्थांकडे सोपविले. अपॉस्टिलचे शासकीय शुल्क कागदामागे अवघे ५० रुपये आहे. परंतु शिरूरच्या माणसाला हा शिक्का ५० रुपयांत पडत नाही. त्यात प्रवास, मुक्काम आणि बुडालेले तास मिळवावे लागतात.

कायम शिक्षकाला किरकोळ रजा असते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाचा तास बुडाला की त्या तासाचे पैसे बुडाले. म्हणजे ज्याची मिळकत सर्वांत तुटपुंजी, त्यालाच प्रत्येक खेप सर्वांत महाग पडते. अर्थशास्त्रात ज्याला माहितीची विषमता म्हणतात, तीही येथे पुरेपूर आढळते. कोणत्या कागदावर कोणाचा शिक्का आधी लागतो, हे ठाऊक असणारा आणि नसणारा यांच्यातील व्यवहार बरोबरीचा असूच शकत नाही. या दरीवर दलालाने पूल बांधला आहे आणि त्या पुलावर तो जकात वसूल करतो. जे काम काही हजारांत होऊ शकते, त्याला तो लाख मागू शकतो. कारण काम किती रुपयांचे आहे, हे समोरच्याला माहीत नसते.

जकात वसूल करण्याची रीतही ठरलेली आहे. प्रथम ‘फाइल’ उघडण्यासाठी थोडी रक्कम घेतली जाते. मग मूळ पदव्या व पासपोर्ट ताब्यात घेतले जातात. मग व्हिसासाठी मोठा हप्ता. त्यानंतर काही तरी अडचण निघते आणि ती दूर करण्यासाठी आणखी पैसे. तोवर घरातील दागिने गहाण पडलेले असतात किंवा पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते. गेलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून नवा पैसा ओतला जातो आणि बुडत्याचा पाय खोलात जातो. काहींना ‘तेथे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगून पर्यटनाच्या व्हिसावर रवाना केले जाते. अशा माणसाचा परक्या मुलुखातील कामाचा हक्क पहिल्याच दिवशी संपलेला असतो. मग कमी पगार दिला तरी त्याने तक्रार कोणाकडे करायची?

कायद्याचे गृहीतक

अशा वेळी कायदा काय करतो? मळ्यांवर मजूर पाठविण्याच्या काळातील १९२२ च्या कायद्याची जागा एमिग्रेशन कायदा, १९८३ याने घेतली. आखातात जाणाऱ्या मजुरांची लूट थांबविणे, हा त्यामागील हेतू होता आणि तो योग्यच होता. त्यानुसार ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या, पण दहावीही उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागते. या मंजुरीच्या वेळी तिचा नोकरीचा करार पाहिला जातो. प्रवासी भारतीय विमा योजनेखाली अवघ्या काही शे रुपयांत तिचा १० लाख रुपयांचा विमा उतरविला जातो. दहावी उत्तीर्ण झालेल्याला यातील काहीही लागू नाही. तो शिकलेला आहे, तेव्हा स्वतःचे हित तो स्वतः पाहील, असे कायद्याने गृहीत धरले आहे.

हे गृहीतक आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे. शिक्षण माणसाला वाचायला शिकविते. परंतु न पाहिलेल्या शाळेने न पाहिलेल्या भाषेत केलेल्या कराराची बाराखडी ते आपोआप शिकवीत नाही. गवंड्याचा करार सरकार पाहते आणि गणिताच्या शिक्षकाचा करार कोणीच पाहत नाही, ही आजची स्थिती आहे. शिक्षित माणूस लाजेखातर तक्रारही करीत नाही. ‘मास्तर असून फसला’ हे ऐकण्यापेक्षा पैसे गेलेले त्याला पत्करतात. त्यामुळे त्याची फसवणूक आकडेवारीतही पुरेशी उमटत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नेण्यात आलेल्या सुमारे ३५० फिलिपिनो शिक्षकांकडून भरती करणाऱ्यांनी हजारो डॉलर उकळले होते. २०१२ मध्ये तेथील ज्यूरीने त्या शिक्षकांच्या बाजूने ४५ लाख डॉलरचा निकाल दिला. हे शिक्षक उच्चशिक्षित होते, इंग्रजी उत्तम जाणत होते, रीतसर व्हिसावर गेले होते. तरीही लुबाडले गेले. त्यांना न्याय मिळाला तो ते एकत्र आले आणि संघटनांनी त्यांच्या पाठीशी उभे राहून खटला लढविला म्हणून.

आपल्या कायद्यात दलालावर अंकुश नाही असे नव्हे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून अधिकात अधिक ३०,००० रुपये व त्यावरील कर घेता येतो. परंतु स्वतःला ‘एजंट’ न म्हणता ‘सल्लागार’ म्हणविले की हा अंकुश चुकविता येतो, असे अनेकांना वाटते आणि प्रत्यक्षात ते खपूनही जाते. १९८३ च्या कायद्याने विनानोंदणी धंद्याला ठरविलेली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. लाखांच्या व्यवहारात दोन हजारांच्या दंडाचा धाक तो किती असणार? केंद्राने १ जानेवारी २०१९ पासून शिक्षित स्थलांतरितांनाही या १८ देशांसाठी ऑनलाइन नोंदणी सक्तीची करण्याचे ठरविले होते. परंतु ओरड होताच २०१८ च्या नोव्हेंबरातच तो निर्णय स्थगित झाला. त्यानंतर २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये नव्या कायद्याचे मसुदे प्रसिद्ध झाले. मसुद्यांची वाण नाही. वाण आहे ती निश्चयाची.

केडगावचा दाखला

दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई याही एके काळी परदेशात शिकविण्यासाठी राहिल्या होत्या, याचे येथे स्मरण होते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाचे उत्पन्न त्यांना या प्रवासासाठी उपयोगी पडले. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकत असताना संस्कृतही शिकवीत. त्या काळी पासपोर्ट आणि व्हिसाची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली. रमाबाईंना कोणी अपॉस्टिल विचारला नाही. परंतु त्यांची वाट मोकळी होती काय? त्यांना आधार होता तो मिशनच्या भगिनींचा आणि प्राचार्या डोरोथिया बील यांचा. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी कल्पना पुढे येताच मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. म्हणजे कागद नव्हते, पण परवानगी होतीच. आणि ती आश्रयदात्यांच्या मर्जीवर होती.

या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. कागद हा मूलतः माणसाचा शत्रू नाही. कोणाच्या ओळखीपाळखीवाचून, कोणाच्या मर्जीवाचून स्वतःची योग्यता सिद्ध करता यावी, यासाठीच तो निर्माण झाला. दौंडच्या रेल्वे कामगाराच्या मुलीला शारजाच्या शाळेत कोणी ओळखत नाही. तिची ओळख तिची पदवी पटविते. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले, त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला, आणि १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात या हक्काला अधिक बळकटी आली. परंतु हा हक्क दलालाच्या कपाटात कुलूपबंद झालेल्या पदवीमुळे निरर्थक ठरत असेल, तर रमाबाईंच्या काळातील आश्रयदाता जाऊन त्याच्या जागी भाडोत्री आश्रयदाता आला, एवढाच काय तो फरक. तो आश्रयदाता निदान पैसे मागत नव्हता.

करण्याजोगे उपाय

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. केरळने १९७७ मध्येच परदेशी नोकऱ्यांसाठी शासकीय भरती संस्था काढली; ती परिचारिका आणि शिक्षक पाठविते. २००२ मध्ये स्थापन झालेल्या नोर्का रूट्सची कार्यालये तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम आणि कोझिकोड येथे प्रमाणपत्रांचे साक्षांकन करून देतात. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. शासन या क्षेत्रात उतरू शकते, हे यावरून दिसते. प्रश्न आहे तो हे पाऊल तालुक्यापर्यंत नेण्याचा.

पासपोर्टच्या बाबतीत हे घडले आहे. २०१७ पासून मोठ्या टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे उघडली गेली आणि कामे माणसाच्या जवळ आली. त्याच धर्तीवर शिरूर आणि दौंडच्या तहसील कार्यालयांतील सेवा केंद्रांत पदव्यांच्या साक्षांकनाचे अर्ज का स्वीकारले जाऊ नयेत? तेथे घेतलेली पाकिटे एकत्रितपणे विद्यापीठाकडे व पुढे मुंबईस जावीत, आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या सेवेला मुदत ठरवून द्यावी. केंद्राची ई-सनद ही ऑनलाइन साक्षांकनाची व्यवस्था २०१७ पासून अस्तित्वात आहे. परंतु पदवी देणाऱ्या संस्थेच्या नोंदी संगणकात असतील, तरच तिचा उपयोग. विद्यापीठाने जुन्या पदव्यांच्या नोंदी या व्यवस्थेत आणण्याचे काम निकडीचे मानावे. दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयांनीही आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी वर्षातून दोनदा माहिती शिबिर घेतले, तर दलालाचा अर्धा धंदा तेथेच बसेल. कारण त्याचे भांडवल माहितीच आहे. कायद्यात बदल होईल तेव्हा होवो. तोवर शिक्षितांसाठीही करार तपासून देण्याची ऐच्छिक सोय व स्वस्त विमा सुरू करण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही.

जाणाऱ्यांनीही क्रम सोडता कामा नये. आधी सही झालेला करार, मग कामाचा व्हिसा, आणि सर्वांत शेवटी विमानाचे तिकीट. मूळ पदवी कोणाकडेही ठेवण्यासाठी देऊ नये. कामापुरती दिली तर पोच घ्यावी. एजंट नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. ब्रिटनमधील कोणत्या संस्थांना परदेशी कर्मचारी प्रायोजित करण्याचा परवाना आहे, याची यादीही तेथील सरकार जाहीर करते. शिक्षकाच्या दर्जासाठीचा तेथील अर्ज तर विनाशुल्क आहे. रोख पैसे देऊ नयेत, पावतीवाचून देऊ नयेत. परदेशी सरकारांची धोरणे एका रात्रीत बदलतात, याचेही भान असावे. अमेरिकेने २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा तेथे शिक्षक म्हणून जाण्याची ती वाट जवळजवळ बंद झाली. अशा बदलाची जोखीम कोणताही दलाल अंगावर घेत नाही. ती कर्ज काढणाऱ्या घरावर पडते.

परदेशी जाणारा शिक्षक पुढे पैसा पाठवितो, तेव्हा परकीय चलनाच्या आकड्यांत त्याचा अभिमानाने समावेश होतो. तो जाण्याची तयारी करीत असतो, तेव्हा मात्र त्याच्याकडे पाहायला कोणी नसते. त्याची पदवी याच राज्यातील विद्यापीठाने दिली आहे. ती खरी आहे, एवढेच जगाला सांगण्यासाठी त्या पदवीधराला दलालाच्या दारी उभे राहावे लागू नये, ही मागणी फार मोठी नाही. ती पूर्ण करण्यासाठी पैशापेक्षा लागते ती इच्छा. आणि तिचा शिक्का कोणत्याही वकिलातीतून आणावा लागत नाही.